सतरा नंबरचा बिल्ला

व्हर्ना हुडाकने आयुष्यात पहिल्यांदा लोकांकडे काही मागितलं ते सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तेही मासे तळायच्या कढईपासून दहा पावलांवर टेबल टाकून. ईस्टरच्या आधीच्या उपासात दर शुक्रवारी आमच्या बंबखान्यात मासे तळतात. उपास म्हणायचा आणि वीतभर कॉड मासा पावात घालून खायचा, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. गावात चर्च तीन, एकमेकांशी फारसं बोलणं नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी तिन्ही पंथ एकाच तेलातलं खातात.

त्या वर्षी माशाची पुडी घेऊन वळलं की समोर व्हर्ना. अर्जांचा गठ्ठा, टेबलाच्या पायाला दोरीने बांधलेलं पेन, आणि सहाही शुक्रवार तोच राखाडी स्वेटर. एकतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढलं होतं. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येक माणसाला ती कधी ना कधी 'गाजरं टाकलीस तर बघ' असं म्हणालेली. त्यामुळे तिला नाही म्हणणारं तोंड गावात फारसं उरलं नव्हतं.

"काय आहे हे, मिसेस हुडाक?"

"गाडीची नंबरप्लेट. कामावर असताना जीव गेलेल्या बंबवाल्यांच्या आठवणीची. सही कर."

"वाचू तरी द्या."

"वाच की. मासा गार होतोय."

मासा गार होऊ देण्यापेक्षा माणसं सही करून मोकळी होत.

आमच्या राज्यात गाडीमागे काय वाटेल ते लावता येतं. ट्राउट माशाची प्लेट आहे, रानटर्कीची आहे, कॉलेजांच्या फुटबॉल संघांची आहे, कुत्री पाळणाऱ्यांचीसुद्धा आहे. आगीत गेलेल्यांची नव्हती. कुणी मागितली नव्हती, एवढंच कारण. मी तीस वर्षं गाड्यांच्या नोंदणीच्या खिडकीमागे काढली, तेव्हा अनुभवाने सांगतो, की सरकार दुष्ट वगैरे नसतं. त्याला फक्त अर्ज लागतो. या बाबतीत पाचशे लागत होते. पाचशे गाडीवाल्यांनी आधी नावं नोंदवली, तर प्रस्ताव राजधानीतल्या समितीपुढे जाणार होता.

प्लेटचं चित्र तयार होतं. काळी पाटी, मधून आडवी लाल रेघ, डावीकडे बंबवाल्यांचा आठ टोकांचा क्रूस. चित्राबद्दल व्हर्नाचं काही मत नव्हतं. तिला कर्तव्य होतं ते एका कलमाशी. कामावर मृत्यू आलेल्याच्या कुटुंबाला त्याचाच दलातला नंबर राखून मिळणार होता, खाली गावाच्या नावासकट. तिचा नवरा एमिल, दलात नंबर सतरा. बाकी चारशे नव्व्याण्णव अर्ज त्या एका सतरासाठी होते, आणि सह्या करणाऱ्यांनाही ते माहीत होतं.

एमिल गेला त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात. शनिवारी दुपारी नदीकाठच्या एका रिकाम्या घरात कुणीतरी जुना सोफा पेटवून दिला. घर अकरा वर्षं ओसाड. पाडून टाकायची नोटीस दारावर लागलेली, ती नोटीसही पिवळी पडलेली. वाचवण्यासारखं आत काही नव्हतं. पण भोंगा झाल्यावर आत काय आहे ते विचारायची आमच्यात रीत नाही. आमचं दल बिनपगारी. बिनपगारी माणूस एकदा कारण विचारायला लागला की दुसऱ्या दिवशी येत नाही. एमिल आत गेला, धूर खाऊन बाहेर आला, बंबखान्यात परतल्यावर नेहमीप्रमाणे सगळे पाइप मनोऱ्यात वाळत टांगले, आणि चार वाजता घरी गेला. तो शाळेची बस चालवायचा. रविवारी संध्याकाळी पावणेसातला अंगणात बसच्या काचा पुसता पुसता तो खाली बसला. व्हर्नाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तेव्हा तिला वाटलं, चाक बघतोय. तिने बटाटे सोलून संपवले आणि मग ती बाहेर गेली.

आता बिल्ल्यांचं सांगायला हवं. आमच्या पहिल्या बंबाच्या दाराशी एक लाकडी फळी आहे आणि तिला ओळीने खिळे. प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असतो, बिस्किटाएवढा, त्यावर नुसता नंबर. आगीवर निघताना आपला बिल्ला आपण फळीवर अडकवायचा, घरी जाताना आपणच काढून न्यायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. फळीवर जितके बिल्ले, तितकी माणसं कामावर. बाहेर माणसं मोजली आणि एक कमी भरलं, तर तो आत आहे असं धरायचं आणि त्याला आणायला जायचं.

पस्तीस वर्षांपूर्वी फर्निचरच्या गोदामाला आग लागली, तेव्हा फळीवर बारा बिल्ले होते आणि रस्त्यावर अकरा माणसं. बारावा शोधायला रूडी सेबोल आत गेला. नंबर नऊ, वय वीस. छप्पर त्याच्यावर आलं. बारावा त्या वेळी घरी जेवत होता. आग आटोक्यात आली असं समजून, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून, कुणाच्या तरी गाडीतून तो घरी गेला होता, आणि बिल्ला फळीवर विसरला होता. तो बारावा म्हणजे एमिल. रूडी म्हणजे व्हर्नाचा पाठचा भाऊ. आणि एमिलच्या ताटात होत्या त्या खिमा भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या व्हर्नाने केलेल्या होत्या. लग्नाला दोन वर्षं झाली होती.

याविषयी गावात पुढे कुणी बोललं नाही. न बोलणं ही आमच्याकडे सभ्यता समजतात, आणि तिच्या जोरावर बरेच संसार चालतात. व्हर्ना तीन महिने आईकडे राहिली, मग परत आली. का आली ते तिने सांगितलं नाही; एमिलची विचारायची हिंमत झाली नसावी. कोबीच्या गुंडाळ्या तिने पुन्हा कधी केल्या नाहीत. एमिल मात्र तेव्हापासून सगळ्यांत शेवटी निघणारा माणूस झाला. पाइप टांगणार तो, फरशी धुणार तो. फळीवर उरलेला शेवटचा बिल्ला सतरा. तो काढायचा, पँटच्या खिशात टाकायचा, खिसा वरून दाबून बघायचा. गाडीपाशी गेल्यावर पुन्हा एकदा दाबायचा.

"आहे हो आत, एमिल, पाय फुटलेत का त्याला?" असं दलात नवीन आलेले म्हणत. जुने म्हणत नसत.

एमिलला पुरलं त्या बुधवारी रिवाजाप्रमाणे रेडिओवर त्याचा नंबर तीनदा पुकारला. तीनदा उत्तर आलं नाही, मग त्याची सेवा संपल्याचं जाहीर झालं. तिथून आम्ही बंबखान्यात परतलो, तर फळीवर सतरा नंबरचा बिल्ला लटकत होता. शनिवारनंतर कुठे आग लागली नव्हती, त्यामुळे मधल्या दिवसांत फळीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. आमचा चीफ डेल रिट्झ धंद्याने प्लंबर, अंगाने दरवाज्याएवढा, आणि रडायला चटकन तयार. त्याने फळीसमोर टोपी काढली.

"हा बघा," तो म्हणाला. "हा काही घरी गेलेला नाही. कामावरच आहे."

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. एमिलने जाता जाता बिल्ला मागे ठेवला. बिल्ला विसरला, असं कुणी म्हटलं नाही. तेवढी सभ्यता होतीच. आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, म्हणून तो तिथेच राहिला. त्यानंतरच्या प्रत्येक आगीवर सतरा नंबर बंबाबरोबर गेला. डेल माणसं मोजायचा आणि शेवटी म्हणायचा, "अकरा. आणि सतरा."

पाचशे अर्ज पाचव्या शुक्रवारीच पुरे झाले. पाचशेवा आमच्या पाद्रीबुवांचा. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नव्हती. त्यांनी चर्चच्या व्हॅनसाठी भरला, आणि सहाव्या शुक्रवारीही व्हर्ना सवयीने टेबल टाकून बसली.

मे महिन्यात राजधानीहून पत्र आलं. दलाचा चिटणीस मी, त्यामुळे ते मीच तिला नेऊन दिलं. प्रस्ताव समितीने उचलून धरला होता. पण कामावरचा मृत्यू म्हणजे काय, याची व्याख्या त्यात घातली होती: काम चालू असताना, किंवा काम सोडल्यापासून चोवीस तासांच्या आत. कायद्याला कुठेतरी थांबावं लागतं, हे मला मान्य आहे. नाहीतर आयुष्यात एकदा धूर हुंगलेला प्रत्येक म्हातारा हुतात्मा ठरेल. एमिल व्याख्येच्या पावणेतीन तास पलीकडे गेला होता.

व्हर्नाने पत्र दोनदा वाचलं आणि घडी घातली.

"काचा दुपारी पुसल्या असत्या, तर बसला असता नियमात," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं, आधी जेव."

बंबखान्यात परतून मी हे डेलला सांगितलं, तेव्हा त्याने टेबलावर मूठ आपटली. "चार वाजता काम सोडलं असं कोण म्हणतो? फळी बघा. आपल्या नियमावलीत काय लिहिलंय, प्रोफेसर?"

मला दलात प्रोफेसर म्हणतात, कारण बंबखान्यात पुस्तक घेऊन बसलेला मी एकटाच सापडलो होतो. नियमावली मलाच पाठ आहे. तिच्यात लिहिलंय, की ज्याचा बिल्ला फळीवर, तो कामावर.

मी राजधानीला फोन केला. पलीकडची बाई फार सौजन्याने बोलली. म्हणाली, दलाचा लेखी नियम पाठवा, आणि त्याबरोबर दोन प्रतिज्ञापत्रं: चीफचं, की बिल्ला फळीवर होता आणि आहे, आणि पत्नीचं, की मृताने तो घरी आणला नव्हता. समिती विचार करेल. सरकारी भाषा मला कळते. हा जवळजवळ होकार होता. शपथ घ्यायला लांब जायची गरज नव्हती. नोटरीचा शिक्का माझ्याच खणात आहे.

जूनमधल्या शनिवारी सकाळी व्हर्ना बंबखान्यात आली. दोन्ही बंब बाहेर उन्हात धुवायला काढलेले, चार-पाच माणसं कॉफीचे पेले घेऊन उभी. डेलने तिच्यासाठी खुर्ची पुसली.

"बस, व्हर्ना. डोनट घे. प्रोफेसरने सगळं टाइप करून ठेवलंय. एक वाक्य पाऊण पान चालतं, पण तो म्हणतो कायद्याला तसंच आवडतं."

"मला काय म्हणायचंय ते वाचा," ती मला म्हणाली.

मी वाचलं. माझे पती एमिल हुडाक यांनी त्या शनिवारी बंबखाना सोडताना आपला बिल्ला फळीवरून काढला नाही व तो घरी आणला नाही, हे मी शपथेवर सांगते.

मी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं आणि हातात धरून बसली. डेलला शांतता सोसत नाही. पाइप गळत असल्यासारखा तो अस्वस्थ होतो.

"अगं, परवाची गंमत सांगायची राहिलीच," तो म्हणाला. "लाकूडगिरणीची आग झाली ना, तेव्हा शेजारच्या गावचा बंब मदतीला आला होता. त्यांच्यातल्या एकाने आपली फळी मोजली. बिल्ले बारा. बाहेर माणसं अकरा. मग काय, तोंडावर मास्क चढवला आणि सतरा कुठंय, सतरा कुठंय, करत निघाला की आत. मी धरला दंडाला. म्हटलं, बाबा रे, सतरा टेकडीवर आहे, दगडाखाली. तुझ्या हाकेला ओ द्यायचा नाही तो."

दोघं-तिघं हसले. व्हर्ना हसली नाही.

"किती आत गेला होता?"

"कोण?"

"तो माणूस."

"फार नाही गं. दारातून चार पावलं. छप्पर पडायला अजून अवकाश होता."

"वय काय त्याचं?"

डेलने पेला खाली ठेवला. "विचारलं नाही. असेल बावीस-पंचवीस."

व्हर्नाने पेन टेबलावर ठेवलं, उठली, आणि बाहेर उभ्या असलेल्या पहिल्या बंबापाशी गेली. आम्ही मागोमाग. ती फळीसमोर उभी राहिली.

"हा मी लावलाय," ती म्हणाली.

बंबाला साबण लावणारा माणूस फडकं हातात धरून थांबला.

"हॉस्पिटलमधून एक पिशवी दिली होती. घड्याळ, किल्ल्या आणि हा. पँटच्या खिशात होता. पुरायच्या दिवशी सकाळी मी आले, विटेखाली किल्ली असते ना तुमची. म्हटलं, याची जागा ही. एक दिवस राहील, मग तुम्ही काढाल."

"दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावत नाहीत," डेल म्हणाला.

"हो. ते मी विसरले."

"मग इतके महिने बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळे म्हणायला लागलात, कामावरच आहे, कामावरच आहे. ऐकायला बरं वाटायचं." तिने फळीवरची धूळ बोटाने पुसली. "हा आगीवर जातो, हे माहीत होतं मला. पण तुम्ही त्यालाही मोजता असं ऐकलं होतं. वाटलं, सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या गावाला कोण सांगणार, हे डोक्यात आलं नाही."

डेलने तिला हाताला धरून आत आणलं आणि दार लावून घेतलं. आत आम्ही तिघंच.

"हे मी ऐकलेलं नाही," तो म्हणाला. "प्रोफेसर, तू ऐकलंस?"

मी म्हटलं, माझा डावा कान अधू आहे, आणि त्या वेळी तोच पुढे होता.

"झालं तर. सही कर, व्हर्ना. बिल्ला मी आजच फळीवरून काढतो, पेटीत ठेवतो, ते सगळं तू म्हणशील तसं. पण कागद पुढे जाऊ दे. राजधानीत बसलेल्या त्या बाईला काय कळणार आहे? कुणाचं काय जाणार आहे?"

"एमिलचं."

"एमिल मेलाय, बाई."

"म्हणूनच म्हणते. त्याला आता स्वतःचं सांगता येत नाही." तिचा आवाज चढला नाही. शाळेत रांगेतल्या मुलाला ती जसं सांगायची, तसंच ती सांगत होती. "चौतीस वर्षं तो खिसा दाबत होता, डेल. जेवायला बसताना दाबायचा. झोपताना पँट खुर्चीवर टाकली की वरून चाचपायचा. मी पाठ करून पडायचे, पण मला आवाज यायचा. आम्ही कधी एक शब्द बोललो नाही त्यावर. आणि आता मी शपथेवर लिहून देऊ, की शेवटच्या दिवशी तो पुन्हा विसरला? कशासाठी, तर माझ्या ट्रकला मागे पत्रा हवा म्हणून?"

डेल दरवाज्याएवढा माणूस. तो खुर्चीत बसला आणि खुर्ची दिसेनाशी झाली. तिथूनच म्हणाला, "मलाच कळायला हवं होतं. त्या दिवशी गोदामावर मीही होतो की."

"तुम्ही सगळे होतात," व्हर्ना म्हणाली.

मग तिने मला विचारलं, की तो बिल्ला तिने काढला तर नियमात बसतं का. नियमावलीत लिहिलंय, ज्याचा त्याने काढावा. मेलेल्याचा कुणी काढावा, याचं कलम नाही. खिडकीमागे असतो, तर मी तिच्याकडे वारसाचा दाखला मागितला असता. मी म्हटलं, बसतं.

तिने बाहेर जाऊन तो काढला, स्वेटरच्या खिशात टाकला आणि ट्रककडे निघाली. अर्ध्या वाटेवर तिचा हात खिशाकडे गेला आणि वरून एकदा दाबून आला. तिच्या ते लक्षात आलं असं वाटलं नाही.

दोन्ही प्रतिज्ञापत्रं मी फाडली. शिक्का उमटलेला नव्हता, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते नुसते रद्दी कागद होते. पुढच्या आगीवर डेलने माणसं मोजली, "अकरा" म्हणाला, आणि सवयीने तोंड उघडं ठेवून क्षणभर तसाच उभा राहिला.

प्रस्ताव शरद ऋतूत मंजूर झाला. हिवाळा संपता संपता प्लेटी आल्या; काळ्या, लाल रेघेच्या, चित्रात होत्या त्याहून बऱ्या. व्हर्नाची डेलने स्वतःच्या हत्यारांनी बसवून दिली, आणि चार स्क्रू पुरले असते तिथे सहा मारले. नंबर तीनशे अठ्ठ्याऐंशी. पेट्रोल पंपावर कुणीतरी तिला विचारलं, तीनशे अठ्ठ्याऐंशी कोण?

"कुणी नाही," ती म्हणाली. "रांगेत आला."

आमच्या गावाचा राखीव नंबर राजधानीच्या यादीत एकच आहे, नऊ. रूडी व्याख्येत चोख बसतो. तो चोवीस तास थांबला नाही. मात्र तो नंबर मागायचा हक्क आई-वडील, पत्नी आणि मुलांनाच आहे. रूडीचे आई-वडील त्याच्या शेजारीच टेकडीवर आहेत, आणि बाकीचं व्हायला त्याला वेळ मिळाला नाही. बहीण यादीत नाही. या वर्षीच्या पहिल्या शुक्रवारी, व्हर्ना कढईमागे माशांना पीठ लावत होती, तेव्हा मी तिला म्हटलं की सुधारणा मागता येईल, एक शब्द वाढवायचा आहे, मी मसुदा करून देतो.

तिने हातातला मासा तेलात सोडला.

"किती अर्ज लागतील?"

मी म्हटलं, नियमाप्रमाणे पुन्हा पाचशे.

रांग लांब होती. बरेच मासे तळून झाल्यावर तिने पिठाचे हात स्वेटरला पुसले आणि विचारलं, टेबल अजून माळ्यावरच आहे ना.